विषय : तिरकी बसलेली एक्झॉस्ट टिप आणि ‘कॉस्मेटिक’ म्हणून झटकलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

टिप तिरकी बसल्याची माझी तक्रार ‘कॉस्मेटिक’, म्हणजे फक्त दिसण्यापुरती, म्हणून झटकून आत्ताच तुमच्या माणसाने मी बोलत असताना फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

गाडीचा मूळ मफलर, म्हणजे सायलेन्सर, तसाच ठेवून त्याच्या मागे लागणारे डावा-उजवा पाइप आणि चार इंची स्लॅश-कट टिप्स, म्हणजे पाइपाच्या टोकाला बसणारी तिरकी कापलेली शोभेची तोंडं, हा तुमचा सेट. माप तुमच्याच माणसाने नागपुरात येऊन घेतलं. बंपरमध्ये टिपसाठी असलेल्या खाचेचे फोटोही त्यानेच काढले. साडेअठरा हजार रुपये आगाऊ घेतलेत. आता गाडी सपाट फरशीवर उभी केली की उजवी टिप डावीपेक्षा ११ मिमी खाली. डावी बंपरच्या आत दबलेली, उजवी बाहेर आलेली. वर्धा रोडवर सिग्नलला मागे थांबलेल्यालाही हे दिसतं.

कारण तुम्हाला ठाऊक असणारच, तरी सांगतो. पाइपाचा बाहेरचा व्यास ५१ मिमी आणि टिपचं आतलं तोंड ५८ मिमी. व्हर्निअर लावून मोजलंय. एवढ्या ढिल्या तोंडाला तुम्ही एकाच बोल्टचा क्लॅम्प दिलात. तो आवळला की टिप एका अंगाला ओढली जाते आणि तोंड झुकतं. त्यात उजव्या पाइपाचा बाकच चुकलाय. बसवणारा फिटर कैक वर्षं आर्गन वेल्डिंग करतो. गाडीखालच्या खड्ड्यात उभं राहून त्याने एका नजरेत सांगितलं, “भाऊ, पाइपच वाकडा वाकवला. क्लॅम्प कितीही कसा, तोंड खालीच राहीन.” यावर तुमच्या तंत्रज्ञाचा सल्ला काय, तर मध्ये पत्र्याची पट्टी घाला. मापात बनवलेल्या वस्तूत पट्टी कशासाठी घालायची?

डाव्या बाजूला बंपर आणि टिप यांच्यात जेमतेम ४ मिमी जागा आहे. एक्झॉस्ट रबरी हँगरांना टांगलेला असतो, इंजिनाबरोबर तो डोलतो. शिवाय स्टेनलेसचा एक मीटर पाइप २०० अंशांनी तापला की साधारण साडेतीन मिमी लांबतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, बंपरचं प्लास्टिक आधीच पोळलेलं असतं. सकाळी गाडी सुरू केली की टिप कडेला खडखड आपटते आणि तिथला रंग पिवळा पडायला लागलाय. हे तरी कॉस्मेटिक नाही ना?

आता त्या फोनबद्दल. मी शांतपणे मापं सांगितली. तिकडून प्रश्न आला, “सर, गाडी चालवताना तुम्हाला टिप दिसते का?” मी म्हटलं, नाही दिसत. “मग त्रास नेमका काय होतोय?” मी पुन्हा ११ मिमी सांगितले, पुन्हा बंपरचं सांगितलं. “सर, एवढं निरखून गाडीच्या मागे कोणी बघत नाही.” मी विचारलं, मग तुम्ही विकता ते कोणी बघावं म्हणून? त्यावर मला गाणं ऐकत ताटकळत ठेवलं. परत येऊन म्हणाला, “सिनियरशी बोललो सर. फिटिंग लोकल आहे ना? नागपूरसारख्या ठिकाणी ट्रेन्ड फिटर मिळत नाहीत, म्हणून असं होतं.” ज्या माणसाने तुमची चूक एका नजरेत पकडली, त्याच्याबद्दल हे बोलणं! फिटर तुमच्याच यादीतला आहे, हेही मी सांगितलं. मग त्याने उपाय सुचवला, “मफलरच काढून टाका ना सर, सरळ पाइप घाला. जागाही होते आणि आवाजही भारी येतो.” मी म्हटलं, हे मला लेखी पाठवा. तिथे फोन बंद.

मफलरला हात लावायचा नाही, हे मी ऑर्डरवरच लिहून दिलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि कलम १८२अ एक्झॉस्ट विकणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावं? परवानगी नसलेला बदल केला तर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते भोगायचं गाडीमालकाने. आमच्या शहरात फटाके फोडणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर पोलीस जप्त करतात. त्या रांगेत तुम्ही मला उभं करायला निघालात.

‘कॉस्मेटिक बाबी वॉरंटीत येत नाहीत,’ हे वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकलं. अहो, टिपचं काम काय? ती ताकद वाढवत नाही, मायलेज वाढवत नाही. नीट दिसणं हेच तिचं काम. ती वाकडी दिसली की वस्तूच सदोष. दिसण्याचा दोष तुम्ही मोजणारच नसाल, तर वॉरंटी आहे तरी कशाची?

आणि ‘३०४ स्टेनलेस’, म्हणजे सहसा न गंजणारं आणि चुंबकाला न चिकटणारं स्टील, म्हणून विकलेल्या टिपवर पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी ठिपके आलेत. वाकवलेल्या, ठोकलेल्या ३०४ ला चुंबक थोडं ओढतं, हे मला माहीत आहे. इथे ते घट्ट चिकटून बसतं. धातूचं प्रमाणपत्र मागितलं, ते अजून आलेलं नाही.

तुमचं काम चांगलं म्हणून मी धरमपेठेतल्या मित्रांना तुमचं नाव सुचवलं होतं. आता त्यांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. ११ मिमी, साहेब. मापं घेऊन, आगाऊ पैसे घेऊन, ११ मिमी!

सेट परत न्या, पूर्ण रक्कम द्या आणि बंपरची ती कड रंगवण्याचा खर्च द्या. बिलावर परताव्याची मुदत छापलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अशा वेळी सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आजच नोंदवतोय. त्यानंतर नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, त्यामुळे मी कंटाळून सोडून देईन या भरवशावर राहू नका.

उत्तर लेखीच द्या. त्या माणसाला पुन्हा फोन करायला लावू नका.

आपला ग्राहक,
नागपूर

सोबत : बिल, ऑर्डरची प्रत, मोजपट्टी लावून काढलेले दोन्ही टिपांचे फोटो, बंपरच्या पिवळ्या कडेचा फोटो.