पोलिसांविरुद्धच्या अर्जाला पोच आणि नंबर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा परिषदेत मी 31 वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मी वर्षं आवक-जावक टेबलावर गेली. कागद आला की नोंद, नंबर, तारखेचा शिक्का आणि आणणाऱ्याच्या स्थळप्रतीवर सही, हे माझ्या हाताच्या सवयीचं आहे. म्हणूनच मागच्या वर्षी जे पाहिलं ते आजही मनातून जात नाही.

मार्च महिना, बेदाण्याचा हंगाम. माझा भाचा कवठेमहांकाळकडून तासगावला छोटा हत्ती भरून बेदाण्याच्या पेट्या आणत होता. रात्री साडेदहाच्या सुमाराला नाकाबंदीत गाडी अडवली. कागदपत्रं सगळी होती, तरी पैसे मागितले. "पावती देणार असाल तर देतो," एवढंच तो म्हणाला. त्यावर हवालदारानं त्याच्या कानशिलात लगावली, मोबाइल काढून घेतला आणि पहाटे तीनपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. गुन्हा नाही, दंड नाही, कुठं नोंद नाही. कुठलं ठाणं ते मी लिहीत नाही. कोणत्याही तालुक्यातल्या माणसाला विचारा, असा एखादा किस्सा त्याच्याकडे असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अर्ज घेऊन गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "साहेब बंदोबस्ताला गेलेत. अर्ज ठेवून जा, मावशी." मी पोच मागितली. "पोलिसांवरच्या अर्जाला पोच नसते," असं उत्तर मिळालं. असा नियम कुठं लिहिलाय, हे विचारल्यावर ते दुसऱ्या कामाला लागले. मग अर्जाची दुसरी प्रत वरिष्ठ कार्यालयाला पोस्टानं पाठवली.

नऊ आठवड्यांनी भाच्याला फोन आला, जबाबाला या. कुठं, तर त्याच ठाण्यात! वरच्या कार्यालयानं आमचा अर्ज "आपले स्तरावर चौकशी करून अहवाल सादर करावा" असा शेरा मारून खाली पाठवला होता. जबाब लिहून घेणारे त्या हवालदाराच्या शेजारच्या टेबलावर बसणारे, आणि हवालदार स्वतः दोन हातांवर उभा. भाचा बोलायला लागण्याआधीच संगणकावर शेवटची ओळ टाईप केलेली मी वाचली: "सदर बाबत माझी आता काहीएक तक्रार राहिलेली नाही." पोरगा माझ्याकडे बघत राहिला. चोवीस वर्षांचा, गाडीचे हप्ते डोक्यावर, रोज त्याच रस्त्यानं जाणारा. मी ती ओळ काढायला लावली. पण त्याच्याबरोबर कोणी नसतं तर त्यानं सही केली असती, आणि त्यात मी त्याला दोष दिला नसता.

पुढं तीन महिने काहीच नाही. शेवटी 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकार कायद्याखाली माहितीचा अर्ज टाकला, तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं: चौकशी करून अर्ज दफ्तरी दाखल केला, म्हणजे प्रकरण बंद. चौकशी कोणी केली, काय आढळलं, यावर एक शब्द नाही. हवालदारावर काय कारवाई झाली, या प्रश्नाला उत्तर होतं, ही वैयक्तिक माहिती आहे, त्या कायद्याच्या कलम 8 खाली देता येत नाही. या उत्तराला 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार सर्रास दिला जातो, हे मला नंतर समजलं. मला त्या माणसाचं पगारपत्रक नको होतं. माझ्याच तक्रारीचा निकाल मला कळावा, एवढंच होतं.

ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रणही मागितलं होतं. कॅमेरा नादुरुस्त, असं कळवलं. सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, चित्रण 18 महिने आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपून ठेवावं, आणि कॅमेरा बिघडला की ठाणे प्रभारींनी जिल्हास्तरीय देखरेख समितीला लगेच कळवावं. मग नादुरुस्त कॅमेऱ्याचा अहवाल त्या समितीला गेला होता का? हे विचारणारा दुसरा अर्जही मी टाकलाय.

मोठ्या प्रकरणात यंत्रणा हलते. 2017 च्या नोव्हेंबरात सांगलीत कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघड झालं, तेव्हा सगळा जिल्हा रस्त्यावर होता आणि तपास सीआयडीकडे गेला. पण एका थपडेचं आणि साडेचार तास बाकावर बसवण्याचं काय? 2006 च्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलीस तक्रार प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात नेमायला सांगितलं होतं. आपल्या राज्यानं पोलीस कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीत ते महसूल विभागाच्या पातळीवर ठेवलं. म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांना मिळून एक. जतच्या शेतमजुरानं दाद मागायला पुण्याला जायचं, तर दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं कुठून आणायचं? आणि असं प्राधिकरण आहे हेच लोकांना माहीत नाही. मी स्वतः तीन ठाण्यांच्या दारात फलक शोधले. लाचलुचपतचा होता, महिला हेल्पलाइनचा होता, याचा एकाही ठिकाणी नव्हता.

पोलिसांची बाजूही मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा शिपाई आहे, गणपतीत सलग कितीतरी तास उभा असतो. तो सांगतो, एकाच चुकीला एकाला सक्त ताकीद मिळते, दुसऱ्याची वेतनवाढ थांबते, तिसऱ्याला मुख्यालयात जमा करतात, आणि कशाला काय हे कोणालाच उमगत नाही. शिक्षेचे नियम 1956 चे आहेत. शिक्षा ठरवताना कारण लिहिलं आणि सांगितलं गेलं, तर नीट काम करणाऱ्या शिपायालाच त्याचा आधार होईल.

इथं आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. "हवालदार निलंबित" अशी बातमी पहिल्या पानावर येते आणि वाचकाला वाटतं, झाली शिक्षा. असं चौकशीआधीचं निलंबन ही शिक्षा नसते. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवणं असतं ते, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. विभागीय चौकशीत पुढं काय ठरलं, माणूस परत कामावर कधी आला, हे सहा महिन्यांनी तुम्ही विचारावं आणि छापावं.

पोलीस अधीक्षकांकडे माझं मागणं फार नाही. अर्ज दिला त्याच दिवशी नंबरासह पोच द्या. चौकशी त्या ठाण्याबाहेरच्या, शक्यतो दुसऱ्या उपविभागातल्या अधिकाऱ्याकडे द्या आणि जबाब तिकडेच घ्या. माहितीच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत असते, तशी याला मुदत ठरवा. तक्रार खरी ठरली की नाही, कशावरून, आणि काय केलं, हे अर्जदाराला लेखी कळवा. दर महिन्याला प्रत्येक ठाण्याविरुद्ध किती अर्ज आले आणि त्यांचं काय झालं याचे आकडे, नावं न देता, ठाण्याच्या दारात लावा. आवक रजिस्टर नीट ठेवलं तर हे आकडे काढायला एका लिपिकाला अर्धा दिवस लागतो. मी हे काम केलंय.

भाच्याच्या अर्जाची स्थळप्रत माझ्याकडे आहे. तिचा खालचा डावा कोपरा शिक्क्यासाठी मोकळा सोडलाय. कोणी त्यावर शिक्का मारून नंबर देणार असेल, तर कामकाजाच्या कुठल्याही दिवशी मी ती घेऊन येईन.

एक निवृत्त वरिष्ठ सहायक,
तासगाव, जि. सांगली
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा जोडला आहे.)