करटोली लावताय? आधी नर-मादी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या बागेच्या पानावर पॅशन फ्रूट झालं, ड्रॅगन फ्रूट झालं, परवा तर किवीपण आली, पण आपली पावसाळी रानभाजी करटोली अजून नाही. पावसाळ्यात जिचा भाव चिकनच्या वर जातो ती वेल मोठ्या कुंडीत लावून गच्चीच्या ग्रिलवर सहज चढवता येते. थंडीत सगळी वाळून जाते म्हणून लोक कुंडी रिकामी करतात, तसं करू नका, खाली कंद जिवंत असतो आणि पावसाच्या तोंडावर तो परत फुटतो. मधल्या काळात पाणी जवळपास बंदच ठेवायचं, नाहीतर कंद कुजतो.

खरी गोम वेगळीच आहे. हिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी, त्यामुळे एकच कंद आणलात तर वेल मस्त पसरेल, पिवळी फुलंपण येतील आणि फळ शून्य. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना नर्सरीवाल्याने काही न सांगता एकच कंद विकला आणि काका बिचारे शेणखत वाढवत बसलेत, आता शेणखताने मादी कुठून येणार! मादीच्या फुलामागे बारीक काटेरी करटोलं आधीपासूनच दिसतं, नराच्या मागे नुसता देठ. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नराचं ताजं फूल तोडून मादीच्या फुलात हलकं फिरवायचं, वरच्या मजल्यावर किड्यांच्या भरवशावर राहू नये. बी लावू नका, एकतर लवकर उगवत नाही आणि उगवलंच तर नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही.

आणि ते ट्रेकला जाऊन डोंगरातले कंद उकरून आणणं बंद करा राव. स्टेशनबाहेर वाटे लावून बसणाऱ्या आदिवासी बायकांचा पावसाळ्यातला धंदा त्याच वेलींवर चालतो, फळ तोडलं तर वेल पुढच्या वर्षी येते, कंद नेला की कायमची गेली.

रायपूरच्या कृषी विद्यापीठाने करटोलीची 'इंदिरा कंकोडा १' ही जात काढली आहे. आपल्याकडेपण नर-मादीची चिठ्ठी लावलेले कंद विद्यापीठांच्या नर्सरीत मिळायला हवेत. कुठे मिळत असतील तर तुम्ही पत्त्यासकट छापा, पण मे महिन्यात छापा, सप्टेंबरमध्ये छापून काय उपयोग.

आपला,
एक वाचक, डोंबिवली