विश्वामित्रीकाठी फरसबंदी नको

संपादक महोदय,

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठी पायवाट जरूर करा, पण फरसबंदी टाळा. बडोद्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरचे काँक्रीट तडकतेच. ती माती उकरून मुरूम 10-10 सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबावा. रुंदी 3 मीटर, आडवा (रुंदीच्या दिशेने) उतार 2 टक्के. उतार चुकला की डबकी साचतात, लोक कडेने चालतात आणि काठ ढासळतो. नदीतल्या मगरी काठच्याच मातीत अंडी घालतात. म्हणून वाट पाण्यापासून दूर, वरच्या अंगाला हवी आणि विणीच्या महिन्यांत अंडी असलेल्या जागांजवळचे तिचे टप्पे बंद. शिवाय वस्त्यांमधून थेट जोडवाटा हव्यात, नाहीतर ही वाट (नेहमीप्रमाणे) मोटारीने फिरायला येणाऱ्यांचीच होईल. वाहने अडवण्यासाठी वाटेच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमधली फट चाकाच्या खुर्चीसाठी किमान 90 सेंटिमीटर ठेवावी.

— एक वाचक, रावपुरा, बडोदा