तेजूच्या रेडिओग्राफीच्या शिक्षणाबद्दल आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

तेजूने बारावीनंतर रेडिओग्राफीला, म्हणजे एक्स-रे काढण्याच्या शिक्षणाला, जायचं ठरवल्याचं दादाने फोनवर सांगितलं. बाबांना किरणांची भीती वाटते आणि आईला तिच्या लग्नाची, हेही त्याच्याकडूनच कळलं. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी याच कामात आहे म्हणून नुसतं चांगलंच सांगेन असं समजू नका. जपायला कुठे हवं तेही लिहिते.

आधी बाबांची शंका. एक्स-रेवाल्यांचे हात झडतात, असं तुमच्या लहानपणी लोक बोलायचे आणि त्यात तथ्य होतं. राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले. त्यानंतर कित्येक वर्षं किरण सोडणारी ट्यूब नीट चालते का हे बघायला लोक स्वतःचाच हात मध्ये धरायचे. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली असाच हात भाजत भाजत १९०४ साली गेला. अशा लोकांचं स्मारक जर्मनीत हँबर्गला १९३६ मध्ये उभारलं आहे. आजची खोली, यंत्रं आणि नियम त्या माणसांच्या हालांतूनच आले आहेत.

आपल्याकडे हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ घालून देतं. काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, ही मर्यादा. निसर्गातून, म्हणजे माती, हवा, आकाश यांतून जगभरातल्या माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दर वर्षी मिळतातच. भिंतीआड किंवा शिशाच्या काचेमागे उभं राहून साधे एक्स-रे काढणाऱ्याचा आकडा मर्यादेच्या खूप खाली राहतो. बटण सोडलं की किरण संपले. ते खोलीत, कपड्यांत किंवा अंगात साठून राहत नाहीत. मूल होण्यावर परिणाम व्हायला लागणारा डोस तर या मर्यादेच्या कितीतरी पट वर असतो, तेव्हा आईने लग्नाची काळजी या कारणासाठी करू नये. पुढे गर्भ राहिलाच तर लगेच कळवायचं. मग उरलेल्या महिन्यांत पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर जाणार नाही असं काम लावून देतात.

हा आकडा मोजायला छातीवर टीएलडी, म्हणजे किरणांची नोंद ठेवणारा बॅज असतो. त्यात तीन छोट्या चकत्या असतात: एक धातूच्या पट्टीखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. कुठल्या प्रकारचे किरण किती लागले ते या तिघींच्या फरकावरून प्रयोगशाळेत कळतं. दर तीन महिन्यांनी बॅज बदलतात. शिशाचा अ‍ॅप्रन घातला तर बॅज त्याच्या आत लावायचा. घोटाळे होतात ते बॅज वापरण्याच्या सवयींमुळे. एक्स-रे रूममध्ये टांगलेला अ‍ॅप्रन आणि त्याच्यावरच विसरलेला बॅज, किंवा मैत्रिणीचा बॅज घालून केलेली ड्युटी. मग आकडा येतो तो माणसाचा नसतोच. तेजूला मी हे पहिल्या दिवशीच बजावणार आहे. अ‍ॅप्रनही घडी घालून खुर्चीवर टाकायचा नसतो, हँगरवरच ठेवायचा. आतलं शिसं घडीवर तडकतं, वरचं कापड मात्र नव्यासारखं दिसतं. म्हणून अधूनमधून अ‍ॅप्रनचाच एक्स-रे काढून भेगा तपासतात.

खोलीत आत राहायची वेळ आलीच, तर किरण येतात ते बहुतेक पेशंटच्या अंगावर आपटून विखुरलेले. मीटरभर अंतरावर त्यांचं प्रमाण मूळच्या साधारण हजाराव्या भागावर आलेलं असतं, आणि अंतर दुप्पट केलं की चौथाई होतं. वॉर्डात पोर्टेबल यंत्र नेताना दोन मीटर मागे सरकायचं ते एवढ्यासाठी. लहान मुलाला धरायचं असेल तर नातेवाइकाने अ‍ॅप्रन घालून धरावं, त्यातही गरोदर बाईने नाही. टेक्निशियनने रोज धरायला सुरुवात केली की वर्षभरात ते साचतं.

आता शिक्षणाचं. लोकांना वाटतं बटण दाबायचं काम, त्याला तीन वर्षं कशाला? छातीचा एक्स-रेच घ्या, रोज सगळ्यांत जास्त तोच निघतो. पेशंट उभा, छाती डिटेक्टरला (चित्र टिपणाऱ्या पाटीला) टेकलेली, पाठ ट्यूबकडे आणि ट्यूब १८० सेंटिमीटर मागे. पाठीमागून का, ते समईपुढे हात धरून भिंतीवर बघा: हात भिंतीजवळ असेल तर सावली हाताएवढी आणि रेखीव, समईजवळ नेला तर मोठी आणि पुसट. हृदय छातीत पुढच्या अंगाला असतं, म्हणून छाती डिटेक्टरला लावायची. झोपवून पुढून काढलं की तेच हृदय फुगलेलं दिसतं. तशी फिल्म काढावीच लागली तर तिच्यावर तसं लिहायला हवं, नाहीतर धडधाकट माणसाच्या मागे हृदयाच्या तपासण्या लागतात.

हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपरं पुढे ढकलायची, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी, असेल तर ट्यूबला ११० ते १२५ केव्ही (किलोव्होल्ट) द्यायचे. वेळ सेकंदाच्या काही शतांश, कारण श्वास धरता येतो, हृदय धरता येत नाही. श्वास एकदा घेऊन सोडायला लावायचा आणि दुसऱ्यांदा भरला की धरायला सांगायचा. पहिल्या श्वासाला घाबरलेला माणूस नुसते खांदे उचलतो. इथे कोंकणीतून सांगावं लागतं, "स्वास घेयात, धरून दवरात, सोडात". कारवारकडच्या माणसाला कन्नडातून, बिहारच्या कामगाराला हिंदीतून. बांबोळीच्या हॉस्पिटलात एका सकाळच्या रांगेत या सगळ्या भाषा उभ्या असतात. नीट समजावलं नाही तर पेशंट ऐन वेळी श्वास सोडतो आणि फुफ्फुसं आखडलेली येतात.

फिल्म आली की तपासायचं: मागच्या अंगाच्या दहा बरगड्या दिसतात का? गळ्याच्या हाडांची दोन टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर पेशंट वळलेला आहे. खालचे दोन्ही कोपरे आत आलेत का? छातीत पाणी साठलं तर ते तिथेच आधी दिसतं, उभ्या फिल्ममध्ये साधारण २०० मिलिलिटर झालं की कोपरा बोथट होतो. कोपरा कापलेला असेल तर ते पाणी कुणालाच दिसणार नाही. एवढं सगळं एका साध्या छातीला.

आणि वेणी! बायकांची जाड वेणी, त्यातही ओली, खांद्यावर राहिली तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पट्टे उमटतात. क्षयाची खूण बहुधा त्याच टोकावर असते. म्हणून केस डोक्यावर बांधायला सांगायचे, वळेसर, म्हणजे गजरा, माळलेला असेल तर काढून ठेवायला लावायचा. मंगळसूत्राचंही तेच. काढायला नको म्हणणाऱ्या बाईवर ओरडून काम होत नाही. पडदा ओढून, सोबत आलेल्या सासूच्या किंवा बहिणीच्या हातात द्यायला सांगितलं की बहुतेक जणी देतात. हे पुस्तकात नसतं, सीनियरकडे बघून शिकायचं. मला वाटतं, तेजूला ते जमेल. ती वयस्क माणसांशी चांगली बोलते.

मार लागलेल्यांचं काम वेगळं. दुचाकीचे अपघात आणि माडावरून पडलेले पाडेली आपल्याकडे कमी नाहीत. मानेचा पट्टा काढायचा नाही, पट्ट्यासकटच फोटो घ्यायचा, आणि मानेचा सातवा मणका दिसेपर्यंत फिल्म पुरी म्हणायची नाही. तो खांद्यांआड लपतो. हात-पायाच्या हाडाचे दोन फोटो, एकमेकांशी काटकोनात, वरचा आणि खालचा सांधा धरून. एकाच बाजूने बघितलं तर सरकलेलं हाड सरळ रेषेत दिसू शकतं. खुब्याचं हाड मोडल्याची शंका असेल तर पाय मुळीच वळवायचा नाही, ट्यूब आडवी करून बाजूचा फोटो घ्यायचा. मनगटातल्या एका छोट्या हाडाची चीर पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसतच नाही, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावं लागतं. तेव्हा "पहिल्यांदा नीट काढला नाही" म्हणून नातेवाईक भांडतात.

नुस्त्याचा काटा घशात अडकला म्हणून येणारेही पुष्कळ. मानेचा बाजूने फोटो घेतात, पण बऱ्याच माशांचे काटे एक्स-रेत उमटतच नाहीत. फोटो साफ आला म्हणून काटा गेला असं नसतं, टोचणं राहिलं तर डॉक्टरने पुढे बघावंच लागतं. बाबा, हे तुम्हीही लक्षात ठेवा. पोराने घड्याळाचा बटण-सेल गिळला तर फोटोत त्याच्या कडेला दुहेरी गोल दिसतो, नाण्याला तो नसतो. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत जाळायला लागतो, तेव्हा फिल्म रांगेत ठेवायची नाही, हातात घेऊन डॉक्टरकडे धावायचं.

डिजिटल यंत्रांनी एक नवीच सवय लावली आहे. पूर्वी एक्स्पोजर (किरणांचा मारा) जास्त झालं की फिल्म काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. आता संगणक चित्र सावरून घेतो. एक्स्पोजर कमी पडलं तर चित्र दाणेदार येतं आणि ओरडा बसतो. जास्त झालं तर चित्र छानच दिसतं, कुणी काही बोलत नाही. मग हात हळूहळू जास्तीकडेच जातो आणि पेशंट विनाकारण जास्त किरण घेऊन घरी जातो. केव्ही १५ टक्क्यांनी वाढवला की डिटेक्टरवर पोचणारं साधारण दुप्पट होतं, इतकं ते नाजूक. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर येणारा एक्स्पोजरचा आकडा वाचायची सवय पहिल्याच वर्षी लागायला हवी. माझ्या मते चांगली टेक्निशियन ओळखायची खूण हीच: तिचे रिपीट, म्हणजे पुन्हा काढावे लागलेले फोटो, किती आणि ते का झाले, हे तिला स्वतःला माहीत असतं.

एमआरआयला किरण नाहीत, पण निष्काळजीपणाला तिथे अजिबात जागा नाही. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट असतं आणि ते रात्रंदिवस चालू असतं, यंत्र बंद दिसलं तरी. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या माणसाचा जीव गेला. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण: हे विचारल्याशिवाय कुणालाही दाराच्या आत घ्यायचं नाही. वेल्डिंगचं काम करणाऱ्याला तर मुद्दाम विचारायचं. सीटीत वेगळी काळजी. शिरेतून आयोडीनचं औषध द्यायचं असेल तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघायचं, मधुमेहाच्या गोळ्या आणि जुनी अ‍ॅलर्जी विचारायची.

नावं तपासणं क्षुल्लक वाटेल. पण आपल्याकडे नाईक, गावकर, फर्नांडिस एका सकाळी किती येतात! नुसतं नाव पुकारलं तर ऐकायला कमी येणारे आजोबा दुसऱ्याच्या नावाला "हो" म्हणून उठतात. म्हणून पेशंटकडूनच पूर्ण नाव वदवून घ्यायचं आणि वय किंवा नंबर ताडून बघायचा. डाव्या-उजव्याची खूण एक्स्पोजरच्या आधी लावायची, नंतर संगणकावर नाही. वयात आलेल्या प्रत्येक बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारायची, हळू आवाजात. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितो; फिल्ममध्ये काही दिसलं तरी पेशंटला टेक्निशियनने सांगायचं नसतं. गर्भाची सोनोग्राफीही तेजू करणार नाही, ते १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या डॉक्टरचं काम. गावात कुणी विचारलं तर आईने हेच सांगावं.

आता कॉलेज. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आहे ना, मग बीएस्सीच करू दे. साधारणपणे तीन वर्षं आणि वर सलग एक वर्ष इंटर्नशिप असते. डिप्लोमा लवकर संपतो, पण पुढे एमएस्सी करायची किंवा शिकवायचं म्हटलं की अडतं. दादाने फी विचारण्याआधी इतर गोष्टी विचाराव्यात. पदवी कुठल्या विद्यापीठाची? २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याप्रमाणे तिची नोंदणी होईल का? कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का, त्यात सीटी आणि एमआरआय चालू आहेत का, आणि विद्यार्थ्यांना पेशंटवर हात ठेवायला मिळतो की लांबूनच बघायचं? जाहिरातीतला फोटो धरू नका, कामाच्या दिवशी सकाळी जाऊन बघा. हॉस्पिटल नसलेल्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांना पोझिशन तोंडपाठ असतात, पण कण्हणाऱ्या म्हातारीला टेबलावर कसं घ्यायचं ते येत नाही.

पहिल्या वर्षाचं फिजिक्स जड जातं. ट्यूबला दिलेल्या ऊर्जेतला एखादा टक्काच किरण होतो, बाकी सगळी उष्णता, म्हणून अ‍ॅनोड (ट्यूबमधला किरण जिथून निघतात तो भाग) फिरता ठेवतात, असलं सगळं त्यात येतं. तिला म्हणावं, घाबरू नको, अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक मात्र आत्तापासून उघड. माझी हाडांची चित्रं कपाटाच्या वरच्या खणात आहेत, ती तिला द्या.

कावीळ-बी ची लस वॉर्डात जायच्या आधी सुरू करायला हवी. तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे पहिला आत्ताच घ्यायला हवा. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, नाहीतर म्हापशाला मिळेल. पूर्ण झाकलेले, न घसरणारे बूट लागतील, सँडल चालत नाहीत. मूळ गुणपत्रिका आणि रहिवासी दाखला यांच्या प्रती काढून ठेवा. दाखल्याला वेळ लागतो, मामलेदार कचेरीत बाबांनी या आठवड्यातच अर्ज टाकावा.

मी चवथीला चार दिवस येते. तोवर दादाला कॉलेजांची माहिती गोळा करून ठेवायला सांगा, बसून बघू.

तुमची लेक