यंदाच्या सुट्टीबद्दल

ती. आई आणि ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आधी निर्णय सांगते, कारणं मागून. १ जुलैपासून मी इथे न्यू जर्सीत आमच्याच स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या दुसऱ्या शाळेत वाइस प्रिन्सिपल म्हणून रुजू होतेय. सही करून झाली. शिक्षकांना मिळते ती जुलै-ऑगस्टची सुट्टी या पदाला नाही, काम बारा महिने. म्हणजे दर उन्हाळ्यात मी आणि पिल्लू कराडला येऊन राहायचो, तितकं राहणं आता होणार नाही.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी तिथे असणार आहे. जुलैच्या मधले दोन आठवडे मी सही करायच्या आधीच मागून घेतलेत, आणि त्यांनी खुशीनं दिलेत.

तुम्हाला आधी विचारलं नाही, ते ठरवून. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "घे, आमचं काय!" आणि तू फोन त्यांच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली असतीस. पुढे कधी तुम्हाला माझी उणीव भासली तर "आपणच हो म्हटलं" असं तुमच्या मनाला लागू नये, म्हणून हा निर्णय एकटीनं घेतला. पगार थोडा वाढेल, पण पैशासाठी घेतलेला नाही हे तुम्ही जाणताच.

गेल्या वर्षी माडीवर रात्री लॅपटॉप उघडून बसायचे, ते याचंच काम होतं. न्यू जर्सीत प्रिन्सिपलच्या सर्टिफिकेटसाठी मास्टर्स लागतं, पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव लागतो, एक परीक्षा असते, आणि ३०० तासांची इंटर्नशिप. सुरू केली तेव्हा कागद हाताशी असावा एवढंच डोक्यात होतं. वर्ग सोडायचा विचारही नव्हता.

इंटर्नशिपमध्ये प्रिन्सिपल बाईंनी पहिलं काम दिलं ते शाळा सुटतानाच्या बसगाड्यांचं. बाबा, हसू नका! कुणाची बस उशिरा, कुणाला आज आजी न्यायला येणार, कुणाच्या आईचा फोन अगदी शेवटच्या मिनिटाला. मला तुमची स्टँडवरची कंट्रोल केबिन आठवली. गाडी लेट असली की तुम्ही आधी माइकवर सांगायचात आणि मग डेपोला फोन लावायचात. मी तोच क्रम लावला. आधी वर्गांना, मग पालकांना, आणि त्यानंतर बसवाल्यांच्या मागे. ऑफिसातले तावातावाचे फोन कमी झाले. बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी. तुमच्या स्टुलावर बसले की माझे पाय जमिनीला पोचायचे नाहीत, आणि एकदा तुम्ही मला माइकवर "पाटण" म्हणू दिलं होतंत. बाबा, त्या दिवशी मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं!

आणि आई, तू. इथे शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस न आलेल्या मुलांची वेगळी यादी होते. १८० दिवसांचं वर्ष धरलं तर १८ दिवस. त्या घरांना छापील पत्रं जातात. बाईंना विचारून मी त्यातल्या काही घरी फोन केले. तू ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर जायचीस तेव्हा बायकांशी आधी तोडीचं बोलायचीस, पाण्याचं, तान्ह्या बाळाचं, आणि शाळेचं नाव शेवटी काढायचीस. मीही तसंच बोलले. एका आईची गोदामातली पाळी पहाटे सुरू होते आणि मुलाला उठवायला घरात कुणी नसतं, हे पत्रानं कधी कळलं नसतं. शेजारच्या मुलीच्या वडिलांनी त्याला सोबत आणायचं कबूल केलं. आता तो येतो, शाळेतच नाश्ता करतो.

मुलांमधल्या छळाच्या तक्रारींबाबत इथे २०११ पासून कडक कायदा आहे. तक्रार आली की शाळेच्या एका दिवसाच्या आत चौकशी सुरू आणि शाळेच्याच दहा दिवसांत पुरी. ती कशी चालते हे मी जवळून पाहिलं. कुणाचं काय ते सांगायचं नसतं, पण माझ्यात काय बदललं ते सांगते. पूर्वी रडणारं मूल दिसलं की मी त्याच्या बाजूची, विषय संपला. आता ज्याच्यावर आरोप आहे तेही मूल माझंच असतं. दोघांचं शेवटपर्यंत ऐकायचं, तोवर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. हे मला फार जड गेलं, आणि तेच करताना वाटलं की हे काम आपण करावं. माझ्या वर्गाच्या दाराबाहेरची मुलंही मला माझी वाटायला लागली. हे वाटणं बाजूला ठेवून पुन्हा वर्गाचं दार लावून घेणं जमेना.

बंदूकबिंदूक काढून काळजी करत बसू नका. दर महिन्याला एक आगीचा आणि एक सुरक्षेचा सराव घ्यायचा असा इथला नियमच आहे, आणि पहिलीची मुलंसुद्धा शहाण्यासारखी करतात. शिवाय सुरुवातीला एक अनुभवी मेंटर माझ्यासोबत असणार. मी जेवते वेळेवर, डबा घरचाच असतो. जावई आता भात छान लावतात.

आता ऐका. ऑपरेशन दिवाळीनंतर ढकलायचं नाही. ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडायची तयारी असते, तेव्हा मला निघता येणार नाही. बाबांचा पलंग आत्ताच माडीवरून खाली आणा. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घ्या, दादाला सांगितलंय, तो सुतार नाही तर प्लंबर घेऊनच येईल. पहाटे प्रीतिसंगमावर जाणं फिजिओथेरपिस्ट हो म्हणेपर्यंत बंद, अंगणात चाला. आई, पाण्याच्या बादल्या तू उचलायच्या नाहीत आणि प्रेशरची गोळी उपवासालासुद्धा घ्यायची. पोळ्यांना बाई लावायची आहे. जाड करते, तेल जास्त घालते, यातलं काही ऐकणार नाही. मी आले की तुझ्या हातची खाईनच, पण वर्षभर तू ओट्याशी उभी राहणं मला नको.

रोजचा फोन आहेच. तुमच्या सकाळी, पिल्लू झोपायच्या आधी. ती आजोबांना काठीबद्दल सारखी विचारते. तिला खरं सांगा, घाबरत नाही ती.

डॉक्टरांकडून नक्की तारीख घेऊन या आठवड्यात मला कळवा, तिकीट अडकलंय. जुना एक्स-रे कपाटात वरच्या खणात आहे, तो घेऊन जा.

तुमची,
माऊ