रविवार कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी प्रवाशांना युरोप कसा वाटतो, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पाण्यात बर्फ नाही, वेटर आपणहून बिल आणत नाही, रविवारी दुकानं बंद, एकूण काय तर ही माणसं आळशी, असा त्याचा सूर होता. मीही अमेरिकी नागरिकच आहे. पण नोकरीची सगळी वर्षं न्यू जर्सीतल्या एका मोठ्या दुकानात कॅश काउंटरवर उभी राहून काढली, त्यामुळे मला तिथे वेगळं दिसलं.

लेक जर्मनीत म्युनिकला असते. तिथे रात्री आठला दुकानं बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. स्टेशनातली दुकानं, थोडा वेळ बेकऱ्या, अशी मोजकीच चालू. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजीला झुंबड उडते, हे खरं. पण रविवारी ईझार नदीच्या काठी घरंच्या घरं येऊन बसतात, त्यांत दुकानांत राबणारेही असतात. रविवारच्या विश्रांतीचं कलम जर्मनीच्या 1919च्या राज्यघटनेत होतं, ते 1949च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं. पुढे बर्लिनने नाताळआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायची मुभा दिली. चर्चनी दाद मागितली आणि 2009मध्ये घटना न्यायालयाने ती मुभा अमान्य केली. मला रविवारची सुट्टी मागावी लागायची, आणि तीही सणासुदीला मिळायची नाही.

त्याहून मनाला लागली ती खुर्ची. तिथल्या सुपरमार्केटात काउंटरवरची बाई बसून काम करते. गिऱ्हाइकांना त्यात काही वावगं वाटत नाही, आणि रांगही भराभर सरकते. आमच्याकडे बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, असं आम्हाला शिकवलं होतं. माझे गुडघे त्या शिकवणीत गेले.

वेटरचंही तेच. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन 1991पासून ताशी 2.13 डॉलरवरच आहे. बाकी सगळं टिपवर, म्हणून टेबल लवकर रिकामं व्हावं यासाठी त्यांची धावपळ. जर्मनीत वेटरलाही इतरांइतकंच किमान वेतन मिळतं, 2025मध्ये ताशी 12.82 युरो. तो बिल घेऊन मागे लागत नाही.

स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे लागतात, ते मात्र मला मुळीच पटलं नाही. म्हाताऱ्या माणसांनी प्रत्येक वेळी नाणी कुठून शोधायची?

आणि रविवारी दुकानं बंद ठेवणं अमेरिकेला जमणारच नाही, असंही नाही. आमच्याच राज्यात बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, विजेची उपकरणं विकायला बंदी आहे. तिथल्या पॅरामस गावातले मोठमोठे मॉल त्या दिवशी बंद असतात. 1993मध्ये हा कायदा काढायचा का, असं मतदारांना विचारलं, तर त्यांनी 'नाही' म्हटलं.

भारतात केरळने 2018मध्ये आणि तमिळनाडूने 2021मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. लक्ष्मी रोडवर, दादरला साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना बसायला मिळतं का, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा जाऊन विचारावं आणि त्यांची उत्तरं याच पुरवणीत छापावीत, ही विनंती.

– एक निवृत्त कॅशियर, एडिसन, न्यू जर्सी