टेक्सासची दुसरी बाजूही सांगा

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेच्या यादवी युद्धावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. त्या युद्धामुळे मुंबईच्या कापूस बाजारात आलेली तेजी आणि १८६५ ची पडझड त्यात छान उतरली आहे. पण 'टेक्सास दक्षिणेच्या बाजूने लढले' एवढ्या एका वाक्यात टेक्सासची बोळवण झाली, हे मनाला लागले.

मी सॅन अँटोनियोत राहतो. येथून तासाभरावर कम्फर्ट नावाचे लहानसे गाव आहे. तिथे चुनखडीचा एक स्तंभ आहे. त्यावर जर्मनमध्ये 'ट्रॉये डेर उनिओन', म्हणजे 'संघराज्याशी निष्ठा', असे कोरले आहे आणि खाली ३६ नावे आहेत. माझी मुलगी ती अडखळत वाचत होती. 'पकडून ठार मारलेले' अशी त्यांत एक वेगळी यादी आहे. तिथे आल्यावर ती थांबली, आणि मलाही काही बोलता येईना.

ही जर्मन स्थलांतरितांची वस्ती. यांतल्या अनेकांना गुलामगिरी मान्य नव्हती, दक्षिणेतल्या राज्यांनी संघराज्यातून फुटून निघणेही मान्य नव्हते. खुद्द गव्हर्नर सॅम ह्यूस्टन यांनी दक्षिणेच्या निष्ठेची शपथ नाकारली आणि मार्च १८६१ मध्ये पद गमावले. पुढच्या वर्षी सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा साठेक जण मेक्सिकोच्या वाटेला लागले. १० ऑगस्ट १८६२ रोजी पहाटेच्या अंधारात नुएसेस नदीकाठी त्यांच्या तळावर दक्षिणेच्या घोडदळाने हल्ला केला. १९ जण लढताना पडले. जखमी होऊन मागे राहिलेल्या नऊ जणांना नंतर गोळ्या घातल्या. प्रेते तशीच उघड्यावर राहिली. तीन वर्षांनी, युद्ध संपल्यावर, आप्तांनी जाऊन हाडे गोळा केली, कम्फर्टला आणून पुरली आणि १८६६ मध्ये त्यावर हा स्तंभ उभारला.

गोऱ्या वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या सरहद्दीच्या इतिहासाचेही तसेच. तो म्हटला की चकमकी आणि बंदुकाच आठवतात. पण याच जर्मन वसाहतींचे पुढारी मॉयसेबाख यांनी १८४७ मध्ये कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या मुलखात जाऊन त्यांच्याशी शांततेचा करार केला होता. ते किती जणांना ठाऊक आहे?

या विषयावर पुढे लेख येणार असेल, तर त्या ३६ जणांसाठी चार ओळी राखून ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सॅन अँटोनियो (टेक्सास)